घाटात दमणारी सेडान आणि टर्बोचा मोह

शनिवारची सकाळ. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या मोटारींची रांग खोपोली मागे टाकून बोरघाट चढू लागते. गाडीत पाच माणसे, डिकीत सामान, वातानुकूलन चालू आणि बॉनेटखाली तेराशे ते पंधराशे सीसीचे साधे पेट्रोल इंजिन. सपाट रस्त्यावर ऐटीत धावणारी ही कौटुंबिक सेडान चढावर एकाएकी केविलवाणी होते. चौथ्यातून तिसऱ्या, तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये यावे लागते. मागची गाडी दिव्यांची उघडझाप करते आणि अखेर कोणीतरी एसीचे बटण बंद करतो. अशाच एखाद्या प्रवासानंतर गाडीमालकाच्या मनात तो विचार डोकावतो. हे इंजिन काढून मोठे बसवले तर? किंवा यालाच टर्बो लावला तर?

हा विचार वेडगळ मुळीच नाही. खुद्द मोटार कारखान्यांनीच तो वेळोवेळी केलेला आहे. १९८४ साली हिंदुस्तान मोटर्सने काँटेसा बाजारात आणली. तिची ऐसपैस अंगलोट ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची, पण इंजिन मात्र अ‍ॅम्बेसेडरचेच, १४८९ सीसीचे. थोराड देहाला हे इंजिन अपुरे पडे. काही वर्षांतच त्या जागी जपानी इसुझूच्या रचनेचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि काँटेसाला खऱ्या अर्थाने प्रतिष्ठा लाभली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेच इंजिन अ‍ॅम्बेसेडरमध्येही गेले. प्रीमियर कंपनीच्या ११८ एनईची कथा अशीच. अंगलोट फिआट १२४ ची आणि इंजिन निसानचे.

पुण्यातील उदाहरण अधिक बोलके आहे. टाटांच्या इंडिकाचे १४०५ सीसीचे डिझेल इंजिन सुरुवातीला टर्बोविना होते आणि त्याची ताकद ५३ पीएसच्या आसपास होती. २००२ च्या अखेरीस आलेल्या इंडिगो सेडानसाठी त्याच क्षमतेच्या इंजिनाला टर्बो जोडला गेला आणि ताकद ६२ पीएसवर पोहोचली. त्यानंतर अठरा वर्षांनी, २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे निकष लागू होताना, चाकणशी नाते असलेल्या फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड या जुळ्या भावंडांमध्ये तर संपूर्ण पालट झाला. १.६ लिटरचे, चार सिलिंडरचे, टर्बोविना चालणारे इंजिन निवृत्त झाले आणि १ लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आले. गाडी तीच, वजनही जवळपास तेच. कागदावर ताकद १०५ वरून ११० पीएस झाली, म्हणजे फरक नाममात्र. मात्र टॉर्क, अर्थात चाकाला मिळणारा पिळाचा जोर, १५३ वरून १७५ न्यूटन मीटरवर गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या इंजिनात हा कमाल जोर मिनिटाला ३८०० फेऱ्यांच्या आसपास मिळे. नव्यात तो १७५० फेऱ्यांपासूनच मिळू लागला.

घाटातील सारे दुखणे या एका आकड्यात आहे. जाहिरातीत ठळक छापली जाणारी अश्वशक्ती ही इंजिन पिळून काढल्यावर, पाच-सहा हजार फेऱ्यांना मिळते. कौटुंबिक गाडी चालवणारा माणूस सहसा तेथवर जातच नाही. तो दीड ते तीन हजार फेऱ्यांच्या पट्ट्यात वावरतो आणि त्या पट्ट्यात इंजिनात जोर नसेल तर गाडी ‘दमते’. शिवाय उंचीचाही हिशेब असतोच. लोणावळ्याला हवा समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ असते, महाबळेश्वरला बारा-पंधरा टक्क्यांनी. टर्बोविना चालणारे इंजिन तेवढ्याच प्रमाणात अशक्त होते. टर्बो असलेले इंजिन हवा दाबून आत घेत असल्याने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते.

तेव्हा आपल्या जुन्या गाडीला कारखान्याप्रमाणेच नवे हृदय का देऊ नये, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मध्यमवर्गाच्या एका लाडक्या गाडीकडे पाहणे सोयीचे ठरेल.

एस्टीममध्ये बलेनोचे इंजिन

मारुती एस्टीम १९९४ साली आली आणि २००७ पर्यंत बनत राहिली. तिचे १२९८ सीसीचे इंजिन सुझुकीच्या ‘जी’ घराण्यातील. मल्टिपॉइंट इंधनपुरवठा आल्यानंतर त्याची ताकद ८५ अश्वशक्तीपर्यंत गेली आणि नऊशे किलोच्या आतबाहेर वजन असलेली ही गाडी आपल्या काळात चपळ मानली गेली. १९९९ साली आलेल्या पहिल्या बलेनो सेडानमध्ये याच घराण्यातील १५९० सीसीचे थोरले इंजिन होते. घराणे एकच असल्याने हौशी मंडळींमध्ये हा पालट पूर्वीपासून लोकप्रिय आहे. अगदी परक्या घराण्यातील इंजिन आणण्यापेक्षा तो कितीतरी सोपा आहे, हेही खरे.

पण ‘सोपा’ म्हणजे काय, ते तपासून पाहावे. दोन्ही इंजिनांचा सिलिंडरचा व्यास जवळपास सारखा आहे, ७४ आणि ७५ मिलिमीटर. थोरल्याची वाढीव क्षमता आली आहे ती पिस्टनच्या लांब प्रवासातून. धाकट्यात हा प्रवास ७५.५ मिलिमीटरचा, थोरल्यात ९० मिलिमीटरचा. प्रवास वाढला की इंजिनाचा ठोकळा उंच होतो. उंची वाढली की माउंटिंग, बॉनेटखालची जागा, सायलेन्सरकडे जाणारा पाइप, सगळ्यांचेच गणित बदलते. त्यानंतर येते वायरिंग. इंजिनाचा मेंदू असलेला ईसीयू आणि त्याला जोडलेले सेन्सर एकमेकांशी जुळले नाहीत तर इंजिन सुरू होते, पण धड चालत नाही. कधी थंडीत बंद पडते, कधी पेट्रोल पिऊ लागते आणि दर महिन्याला गॅरेजची वारी घडते. अनुभवी मेकॅनिक म्हणूनच इंजिनाबरोबर त्याचा ईसीयू, संपूर्ण वायरिंग आणि शक्य तर गिअरबॉक्सही एकाच गाडीतून काढून आणण्याचा आग्रह धरतात.

आता या खटाटोपाचे फळ मोजू. बलेनोच्या इंजिनाची ताकद होती ९४ अश्वशक्ती. म्हणजे वाढ नऊ अश्वशक्तींची, जेमतेम दहा टक्के. क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी वाढल्यामुळे खालच्या फेऱ्यांमधला जोर मात्र बऱ्यापैकी वाढतो आणि चालवणाऱ्याला जाणवतो तो हाच. सुख खरे आहे, पण महाग आहे. शिवाय ज्या इंजिनासाठी हा घाट घालायचा ते स्वतःच वीस वर्षांचे असते. बलेनो २००७ सालीच बंद झाली. कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतील मायापुरीच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आलेल्या इंजिनाने आधी किती लाख किलोमीटर पाहिले आहेत, हे विकणारा सांगतो तेवढेच कळते. ते इंजिन कोणत्या गाडीचे, त्या गाडीचे कागद कोठे, हा प्रश्न तर अनेकांना सुचतही नाही. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या बॉनेटखाली सापडले, तर सिलिंडरची संख्या मोजायला पोलीस थांबत नाहीत.

टर्बोचे साधे गणित

दुसरा मोह टर्बोचा. त्याची कल्पना विलक्षण सुंदर आहे. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूंच्या झोताने एक छोटे चाक फिरवायचे. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून जोर अधिक. ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकतात.

मात्र हवा दाबली की तापते. सायकलला पंपाने हवा भरणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. समजा, बाहेर ३५ अंश तापमान आहे आणि टर्बोने हवेचा दाब दीडपट केला. पंपाची कार्यक्षमता सर्वसाधारण धरली, तर बाहेर पडणारी हवा ९० अंशांच्या पुढे तापलेली असते. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे दाब पन्नास टक्क्यांनी वाढूनही प्रत्यक्षात हवा जेमतेम पंचवीस टक्के अधिक जाते. हीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे हवेसाठी बनवलेल्या रेडिएटरमधून, फिरवून ५० अंशांपर्यंत थंड केली तर वाढ चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते. इंटरकूलर ही चैन नसून गरज का आहे, ते या दोन आकड्यांवरून ध्यानात यावे. स्वस्तात टर्बो बसवून देणारे नेमका हाच खर्च वाचवतात.

खरा धोका त्यापुढे आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टनने दाबले जाते आणि मग ठिणगी पडते. दाबण्याचे प्रमाण, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, टर्बोविना चालणाऱ्या इंजिनात साधारण ९ ते ११ पट असते. आधीच दाबलेली आणि तापलेली हवा अशा इंजिनात कोंबली की ठिणगी पडल्यावर ज्योत सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. बाहेरून ऐकू येते ती बारीक टिकटिक. आत मात्र पिस्टनच्या माथ्यावर हातोडे पडत असतात. हेड गॅस्केट फुटणे, पिस्टनची कड वितळणे, कनेक्टिंग रॉड वाकणे, हे त्यापुढील अध्याय. म्हणून मूळचे टर्बो इंजिन बनवताना पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह, तेलाचा पंप हे सारे वेगळ्या ताकदीचे घ्यावे लागते. मागाहून टर्बो लावताना मेहनती कारागीर कॉम्प्रेशन कमी करतो, मोठी इंजेक्टर नोझल बसवतो, टर्बोच्या दाबाचे मोजमाप करू शकणारा सेन्सर लावतो आणि ईसीयूला नव्याने सारे शिकवतो. मूळ सेन्सर बहुधा वातावरणाच्या दाबापलीकडचे काही मोजण्यासाठी बनलेलाच नसतो. जास्त हवा आत शिरली आहे हे ईसीयूला कळलेच नाही, तर तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो. इंधन कमी पडले की ज्वलन अधिक तापते आणि नॉकिंगला रान मोकळे मिळते.

इंडिगोच्या डिझेल इंजिनाला टर्बो लावणे त्या मानाने सुलभ का होते, याचे उत्तरही येथेच आहे. डिझेल इंजिन नुसती हवा आत घेऊन दाबते. इंधन आत येते ते पेट घेण्याच्या क्षणी. आगाऊ भडकण्यासाठी तेथे काही नसतेच. भारतीय मध्यमवर्गाची टर्बोशी ओळख पेट्रोलऐवजी डिझेल सेडानमधून झाली, ती काही अंशी यामुळेच.

सांगाड्यातील इतर मंडळी

इंजिनाची ताकद वाढली की तिचा भार गाडीतील प्रत्येक भाग वाटून घेतो. आधी क्लच प्लेट घसरू लागते. मग गिअरबॉक्स कुरकुरतो, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे वाजू लागतात. रेडिएटरला अधिक उष्णता बाहेर टाकावी लागते, तीही मे महिन्यातल्या दुपारी, वाहतूक कोंडीत. व्हेंटो-रॅपिडमध्ये इंजिन बदलताना कारखान्याने पाच गिअरच्या जागी सहा गिअरची पेटी दिली ती हौसेखातर नव्हे. काँटेसाला इसुझू इंजिनाबरोबर चारऐवजी पाच गिअर मिळाले, त्याचे कारणही वेगळे नाही.

ब्रेकचा विचार तर सर्वांत आधी व्हायला हवा आणि नेमका तोच शेवटी होतो. धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी १०० ऐवजी १२० किलोमीटर वेग गाठणाऱ्या गाडीला थांबवताना ब्रेकवर ४४ टक्के अधिक ऊर्जा पडते. एस्टीमचे ब्रेक आणि अरुंद टायर ८५ अश्वशक्तीच्या हिशेबाने दिलेले होते. घाट चढताना मिळालेले सुख त्याच घाटाच्या उतारावर परत करावे लागले, तर सौदा तोट्याचाच.

कायद्याची बाजू अनेकांना ऐकीव माहितीवरच ठाऊक असते. गाडीच्या आरसीवर इंजिन क्रमांक, सीसी क्षमता, इंधनाचा प्रकार हे सारे नोंदलेले असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच स्पष्टपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन आरटीओच्या मंजुरीने बसवता येते, १.३ लिटरच्या जागी १.६ लिटरचे बसवणे ही वेगळी बाब. सीएनजी किंवा विजेवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवणे कायद्याला मान्य आहे. अशा किटची चाचणी घेणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची ‘एआरएआय’ प्रमुख आहे. टर्बोच्या बाबतीत अशी सोय नाही. टर्बो बसवताना जागेअभावी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला जातो तेव्हा प्रदूषणाचाही नियम मोडतो.

पाच हजारांचा दंड भरू, असे म्हणणारेही भेटतात. त्यांनी विम्याचा विचार केलेला नसतो. बदल न कळवता विमा घेतला असेल, तर अपघातानंतरचा दावा फेटाळण्यास विमा कंपनीला आयते कारण मिळते आणि तो खर्च पाच हजारांत मावत नाही. रॅली किंवा शर्यतींच्या बंदिस्त मैदानावर बदललेल्या गाड्या जरूर धावतात. तेथे नियम वेगळे असतात, गाडीत सुरक्षा पिंजरा असतो आणि मागच्या आसनावर आजी-आजोबा नसतात.

मूळच्याच टर्बो सेडानचा ईसीयू नव्याने ‘रीमॅप’ करून घेण्याचा तिसरा मार्ग अलीकडे लोकप्रिय आहे. यात सुटे भाग बदलत नाहीत, फक्त टर्बोचा दाब आणि इंधनाचे मोजमाप वाढवले जाते. ताकद झटकन वाढते, हे खरे. पण कारखान्याने ठेवलेली राखीव मर्यादा म्हणजे फुकट पडून राहिलेला माल नव्हे. भेसळीचे पेट्रोल, रणरणता उन्हाळा आणि लांबलेले ऑइल बदल यांच्यासाठी ती राखलेली असते. फोक्सवॅगन व्हर्टसच्या १.५ लिटर टर्बोचा टॉर्क २५० न्यूटन मीटर आहे आणि तिच्या सात गिअरच्या ड्युअल क्लच पेटीची क्षमताही २५० न्यूटन मीटरचीच मानली जाते. तेथे आणखी किती ओढायचे, याचा विचार गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा दर विचारून झाल्यावर करावा. वॉरंटी तर जातेच.

मग घाटात दमणाऱ्या सेडानच्या मालकाने करायचे काय? खिसा परवानगी देत असेल तर कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली गाडी घेणे, हे उत्तर नीरस असले तरी हिशेबाने चोख आहे. २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हेर्नाने तर एकाच गाडीत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवले. दीड लिटरचे साधे इंजिन ११५ पीएस व १४४ न्यूटन मीटरचे, तर दीड लिटरचेच टर्बो इंजिन १६० पीएस व २५३ न्यूटन मीटरचे. किमतीतील फरक जास्त वाटतो खरा, पण त्यात त्या ताकदीला साजेसा गिअरबॉक्स, वॉरंटी, आरसीवरची योग्य नोंद आणि विमा हे सारे आलेले असते. जुनी टर्बो गाडी घेताना तिचा सर्व्हिसचा इतिहास मात्र बारकाईने पाहावा. लालबुंद तापणाऱ्या टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळशा थरावर फिरतो. ऑइल वेळेवर बदललेले नसेल, तर ते तेथे करपून कोळशासारखे साचते. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवण्याची जुन्या चालकांची सवय याचसाठी होती.

जुनीच गाडी ठेवायची असेल, तर मोठ्या खर्चाआधी एक लहानसा खर्च करून पाहावा. चांगल्या गॅरेजमध्ये चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी निघाला, तर गाडी दमते ती इंजिन लहान म्हणून नव्हे, तर त्याचा एक हिस्सा काम करेनासा झाला म्हणून. झिजलेली क्लच प्लेट, तुंबलेली नोझल, धुळीने भरलेला एअर फिल्टर, अर्धवट चिकटून राहणारे ब्रेक आणि कमी हवेचे टायर मिळून किती ताकद गिळतात, याचा अंदाज दुरुस्तीनंतर पहिल्याच चढावर येतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि गॅस्केट त्यासाठी बनलेली नव्हती; तीही याच भेटीत पाहून घ्यावीत आणि कडक झालेली किंवा फुगलेली नळी दिसली तर बदलून टाकावी.